आधी ‘पैकी’ सापडू द्या

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. माझं वय ३६. संगमनेरजवळच्या एका गावात पतसंस्थेत क्लार्क आहे. लग्नामुळे अर्धवट राहिलेली पदवी बाहेरून पूर्ण करतेय. बाकी सगळे पेपर निघाले, स्टॅटिस्टिक्स मात्र दोनदा राहिला. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं कळतं. पुस्तक मिटून तेच उदाहरण करायला घेतलं की पाटी कोरी. सूत्रं पाठ आहेत, झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवेन. पण कुठलं कुठे लावायचं तेच उमगत नाही. पत्त्यांची गणितं आली की तर घामच फुटतो, आमच्या माहेरी पत्त्यांना हात लावू देत नसत. व्याजाचे हिशेब मी तोंडी करते, म्हणून ऑफिसात सगळे हुशार समजतात. आठवीतला मुलगा परवा म्हणाला, “आई, तुला गणित येतं ना, मग नापास कशी होतेस?” सोबत तीन उदाहरणं आणि मी काढलेली उत्तरं पाठवतेय. तिन्ही चुकली आहेत एवढं पुस्तकाच्या मागे बघून कळलं. का चुकली ते कळलं नाही. परीक्षेला अडीच महिने आहेत. शिकवणी लावू का? की हा विषय माझ्यासाठी नाहीच?

— दोनदा राहिलेली

सप्रेम नमस्कार.

चुकलेली उत्तरं जशीच्या तशी पाठवलीत, हे फार बरं केलंत. ‘मला जमत नाही’ अशी पत्रं मला पुष्कळ येतात. पण डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणणाऱ्याला औषध काय द्यायचं? तुम्ही रिपोर्टच घेऊन आलात, त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागणार नाही.

विषय तुमच्यासाठी आहे की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. कारण तुमच्या तीन चुकांपैकी दोन चुका एकाच जागी झाल्या आहेत, आणि ती जागा सूत्राच्या आधीची आहे. तिसरी तर साधी बेरजेची आहे.

पहिलं उदाहरण घेऊ. पिशवीत ४ लाल आणि ६ निळे चेंडू. न बघता दोन काढले, पहिला परत न टाकता. किमान एक लाल असण्याची संभाव्यता किती? तुम्ही लिहिलंत, पहिल्याला ४/१०, दुसऱ्याला ४/१०, बेरीज ८/१०.

याच रीतीने तीन चेंडू काढून बघा. उत्तर येतं १२/१०. म्हणजे शंभर वेळा हात घातला तर एकशे वीस वेळा लाल! अशी रीत दोन चेंडूंनाही लावता येणार नाही, फक्त तिथे तिचं बिंग फुटलं नाही इतकंच. पुढच्या वेळी एखाद्या रीतीबद्दल शंका आली की आकडा थोडा ताणून बघा. खोटी रीत बहुतेक वेळा तिथेच तोंडावर आपटते.

ही चूक आली कुठून? मला वाटतं तुमच्या हुशारीतूनच आली. त्रैराशिक! एका महिन्याला इतकं व्याज, तर दोन महिन्यांना दुप्पट. सरळव्याजात हे चालतं, आणि तुमचा हात त्यावर बसलेला आहे. इथे दुप्पट चेंडू म्हणजे दुप्पट संधी होत नाही, कारण दोन्ही लाल निघाले ती वेळ तुम्ही दोन्हीकडे धरलीत, पहिल्याच्या खात्यात आणि दुसऱ्याच्याही. एकच पावती दोन खात्यांवर जमा झाली तर संध्याकाळी तुमची रोकड जुळेल का?

या चुकीत तुम्हाला सोबत मोठी आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे नावाचे एक गृहस्थ होते, जुगाराची बारीक माहिती असलेले. एक फासा चार वेळा टाकला तर त्यात किमान एक सहा पडेल अशी पैज लावणं फायद्याचं, हे त्यांना माहीत होतं. मग दोन फासे एकदम टाकले तर? एका फाशाला ६ शक्यता, दोहोंना ३६. सहाला चार वेळा, तर छत्तिसाला चोवीस वेळा. सरळ त्रैराशिक. पण चोवीस वेळांत किमान एकदा दोन्ही फाशांवर सहा येण्याची पैज काही फायद्यात जाईना. हे कोडं पास्कल या फ्रेंच गणितीपर्यंत पोचलं आणि १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन गणितींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, तिथून संभाव्यतेचं शास्त्र उभं राहिलं असं मानतात. हिशेब केला तर पहिल्या पैजेची संभाव्यता येते सुमारे ५१.८ टक्के आणि दुसरीची ४९.१. निम्म्याच्या जराशी वर आणि जराशी खाली. तुम्ही केलीत तीच चूक, फक्त त्यांनी ती फाशांवर केली.

आता हे चेंडू टाकून द्या. पिशवीत हात घालून चेंडू कोण काढतं आणि कशासाठी, हे मला तीस वर्षं शिकवूनही समजलेलं नाही. तुमच्या टेबलावर कर्जाची १० प्रकरणं आहेत. त्यातल्या ४ वर जामीनदाराची सही राहिली आहे. ऑडिटर आले, त्यांनी दहातली दोन उचलली. आपली चूक सापडण्याची शक्यता किती? गणित तेच आहे, पण आता तुमच्या पोटात गोळा येतो, आणि डोकं आपोआप योग्य प्रश्न विचारतं: आपण सुटू कधी? दोन्ही प्रकरणं चांगली निघाली तरच. पहिलं चांगलं निघण्याची संभाव्यता ६/१०. ते ऑडिटरच्या हातात गेलं, टेबलावर नऊ उरली, त्यात चांगली पाच. म्हणून ५/९. गुणाकार ३०/९०, म्हणजे १/३. सुटण्याची शक्यता एक तृतीयांश, सापडण्याची दोन तृतीयांश. ‘किमान एक’ दिसलं की आधी ‘एकही नाही’ काढायचं आणि ते १ मधून वजा करायचं, ही युक्ती पुस्तकात चौकटीत छापलेली असते. तुम्ही ती पाठही केली असेल. पण ऑडिटरच्या भीतीतून ती एकदा निघाली की पाठ करावी लागत नाही.

त्या ५/९ कडे पुन्हा बघा. दहाचे नऊ झाले. तुम्ही दुसऱ्या वेळी ४/१० लिहिलंत तेव्हा टेबलावर किती प्रकरणं उरली आहेत, हे बघितलंच नाही. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. आपल्या भाषेत एक शब्द आहे, ‘पैकी’. दहापैकी चार. नवापैकी पाच. संभाव्यतेचं प्रत्येक उदाहरण म्हणजे या ‘पैकी’ची दोन टोकं शोधणं: कशापैकी, आणि किती. ‘किती’कडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण प्रश्न तेच विचारतो. ‘कशापैकी’ हे प्रश्नात दडलेलं असतं, आणि परीक्षक नेमकं तेच तपासत असतो. कुठलं सूत्र लावायचं, असं तुम्ही विचारता. मी म्हणते, सूत्राचं नाव मनात यायच्या आधी ‘… पैकी …’ असं एक मराठी वाक्य वहीत लिहा. वाक्य लिहिता आलं नाही तर समजा की प्रश्न अजून कळलेला नाही. पेन खाली ठेवा आणि प्रश्न पुन्हा वाचा.

तुमचं दुसरं उदाहरण याच कसोटीवर बघू. कारखान्यात दोन यंत्रं. अ यंत्रावर ६० टक्के माल निघतो, त्यातला २ टक्के खराब. ब यंत्रावर ४० टक्के, त्यातला ५ टक्के खराब. एक नग उचलला, तो खराब निघाला. तो ब यंत्रावरचा असण्याची संभाव्यता किती? तुम्ही ०.४० ला ०.०५ ने गुणून ०.०२ लिहिलंत आणि खाली दोन रेघा मारल्यात.

बेज थिअरम पाठ असलेल्या बाईने हे करावं! गंमत सोडा. ते सूत्र क्षणभर विसरा आणि १००० नग मोजायला घ्या. अ चे ६००, त्यातले खराब १२. ब चे ४००, त्यातले खराब २०. तुमचं ०.०२ म्हणजे हेच २० नग, हजारापैकी. आकडा बरोबर आहे, ‘पैकी’ चुकलं. हातातला नग खराब आहे हे कळलंय ना? मग चांगले ९६८ नग आता खोलीच्या बाहेर गेले. उरले ३२ खराब. त्या ३२ पैकी ब चे २०. उत्तर २०/३२, म्हणजे ५/८. बेज थिअरम म्हणजे एवढंच, छेद बदलणं. प्रश्नात ‘निघाला तर’, ‘असल्याचे आढळले’, ‘दिले असता’ असे शब्द आले की कुणीतरी खोलीच्या बाहेर जाणार हे ओळखायचं. परीक्षेत सूत्र लिहाच, त्याला गुण असतात. पण कच्च्या कामात हजार नग मोजा. एवढी वर्षं विषय शिकवूनही मी असंच मोजते.

हे प्रकरण नुसतं मार्कांचं नाही, म्हणून थोडं विषयांतर करते. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाची एक वकील होती. तिची दोन तान्ही बाळं १९९६ आणि १९९८ साली अचानक दगावली. तिनेच ती मारली असा खटला चालला. एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं की अशा सुस्थितीतल्या कुटुंबात एक बाळ काही कारण न सापडता दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये १ असते, म्हणून दोन दगावण्याची ८५४३ गुणिले ८५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. तुमच्या पेपरात हे उत्तर कुणी लिहिलं असतं तर मी दोन ठिकाणी लाल शाई चालवली असती. पहिली जागा गुणाकाराची. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच असं सरळ गुणता येतं. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन बाळं; पहिलं ज्या कारणाने गेलं तेच कारण दुसऱ्यालाही लागू असू शकतं. तुमच्या पहिल्या उदाहरणात दहाचे नऊ झाले, तसं इथेही काहीतरी बदललेलं असणार, ते कुणी विचारलंच नाही. दुसरी जागा ‘पैकी’ची. तो मोठा आकडा म्हणजे सगळ्या कुटुंबांपैकी किती कुटुंबांत दोन बाळं अशी दगावतात, त्याचा. न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता: दोन बाळं दगावलेल्या आयांपैकी किती निर्दोष असतात? दोन खून करणाऱ्या आयासुद्धा अतिशय दुर्मीळच असतात, त्यांचा आकडा शेजारी मांडल्याशिवाय नुसत्या ७ कोटींना अर्थ नाही. तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकडेमोडीबद्दल जाहीर आक्षेप घेतला. दडून राहिलेला वैद्यकीय पुरावा पुढे आला आणि २००३ मध्ये ती सुटली. चारच वर्षांनी वारली. म्हणून वर्गात कुणी ‘याचा उपयोग काय’ म्हणालं की मी फासे बाजूला ठेवून ही हकीकत सांगत असे.

तिसरं उदाहरण. पाच जणांचे पगार हजारांत: १२, १३, १४, १५, ६६. मध्य (म्हणजे सरासरी) आणि प्रमाण विचलन (पगार मध्यापासून साधारण किती विखुरलेत, ते) काढा. तुमची बेरीज १७० आली (ती १२० आहे, हातचा एक कुठेतरी जास्तीचा धरलात आणि वर आकडाही घसरला). त्यामुळे मध्य ३४. पुढे वर्गांची सरासरी १०१८ बरोबर आली, त्यातून ३४ चा वर्ग ११५६ वजा केलात, व्हेरियन्स आलं उणे १३८. आणि मग? मग तुम्ही उणे चिन्ह गुपचूप खोडलंत आणि वर्गमूळ काढून ११.७५ लिहिलंत! खोडल्याची खूण वहीच्या फोटोत दिसतेय.

यावर मी रागावणार आहे. पतसंस्थेत एखाद्याची शिल्लक उणे दिसली तर तुम्ही चिन्ह खोडून व्हाउचर पुढे सरकवता का? व्हेरियन्स म्हणजे फरकांच्या वर्गांची सरासरी; वर्ग कधी उणे नसतो, सरासरीही नसणार. उणे आलं याचा अर्थ वही तुम्हाला हाक मारत होती. मध्य २४ धरला तर १०१८ वजा ५७६, म्हणजे ४४२, त्याचं वर्गमूळ सुमारे २१. आणि हा २१ बघूनही एक क्षण थांबा. पाचांपैकी चौघांचे पगार १५ च्या आत, आणि मध्य मात्र २४. कुणाचाच पगार त्याच्या जवळपास नाही. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, १४ आहे, तो खरं चित्र दाखवतो. एका ६६ ने मध्यही ओढला आणि विचलनही फुगवलं. पेपरात ‘यातलं कोणतं माप योग्य, कारण द्या’ असा दोन मार्कांचा प्रश्न हमखास असतो, त्याचं उत्तर याच एका ओळीत आहे.

आता मोजणीबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण क्रमपर्यय (पर्म्युटेशन, जिथे क्रम मोजायचा) की संयोग (कॉम्बिनेशन, जिथे क्रम मोजायचा नाही), हा गोंधळ असणारच. पूजेतली चोवीस नावं आठवा: केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः… चोवीसच का? शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत वेगवेगळ्या क्रमाने दिली की ४ × ३ × २ × १ = २४ मूर्ती होतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हेच गणित घातलंय, आणि जोडीला शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधंही, तिथे उत्तर ३६,२८,८०० येतं. हात बदलला की मूर्तीचं नाव बदलतं, म्हणजे क्रमाला किंमत आहे. तुमच्या संस्थेत दहा संचालकांतून अध्यक्ष आणि सचिव निवडायचे तर ९० प्रकार, कारण मी अध्यक्ष आणि तुम्ही सचिव हे उलट केलं की भांडण होतं. पण दोघांची समिती निवडायची तर ४५, कारण समितीत कोण आधी आणि कोण नंतर याला अर्थ नाही. आणि ऑडिटरने दहातून दोन प्रकरणं उचलली तेही ४५ प्रकारे. त्यात दोन्ही चांगली असलेल्या जोड्या सहातून दोन, म्हणजे १५. उरल्या ३०. पंचेचाळीसपैकी तीस, पुन्हा दोन तृतीयांशच. जमेल तेव्हा उत्तर असं दुसऱ्या वाटेने पडताळा. मनाला जी खात्री येते ती मागच्या पानावरचं उत्तर बघून येत नाही.

शब्दांचा एक सापळा आहे, तो मराठी माध्यमातून आलेल्यांना जास्त नडतो. पेपरात ‘ॲट लीस्ट टू’ असतं, म्हणजे किमान दोन: दोन, तीन, चार आणि पुढे. ‘ॲट मोस्ट टू’ म्हणजे जास्तीत जास्त दोन: शून्य, एक, दोन. यातला शून्य विसरल्यामुळे गेलेले मार्क मी पेपर तपासताना इतक्या वेळा कापलेत की हात दुखला. ‘नॉट मोर दॅन’ म्हणजेही जास्तीत जास्तच. आणि ‘किंवा’! घरी आपण ‘चहा घेणार की कॉफी’ विचारतो तेव्हा दोन्ही द्यायचा आपला विचार नसतो. गणितातल्या ‘किंवा’मध्ये दोन्ही घेणारा पाहुणाही येतो, पण त्याला एकदाच मोजायचं. पत्त्यांत राजा किंवा बदाम: राजे ४, बदाम १३, पण बदामाचा राजा दोन्हीकडे आला, म्हणून १६. बावन्नपैकी सोळा.

पत्त्यांवरून आठवलं. माहेरची बंदी आता उठवा. तुमच्यासारख्या कितीतरी मुली माझ्या वर्गात होत्या. किलवर काळं की लाल, तेच त्यांना ठाऊक नसायचं, आणि पुस्तक मात्र सगळं माहीत असल्यासारखं पुढे धावायचं. ही गणितातली कमतरता नाहीच. बाजारातून पत्त्यांचा एक कॅट आणा आणि चार ढीग मांडा. बदाम आणि चौकट लाल, इस्पिक आणि किलवर काळे, प्रत्येकात तेरा. गुलाम, राणी, राजा मिळून चित्रं बारा. मुलाशी चार रविवार खेळा, पत्त्यांचं भय संपलं.

मुलाला आणखी एका कामाला लावा. अठराव्या शतकात द’आलांबेर नावाचा मोठा फ्रेंच गणिती होऊन गेला. त्याने १७५४ साली तिथल्या विश्वकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३. त्याचं म्हणणं असं: पहिल्यांदाच छापा पडला तर काम झालं, दुसऱ्यांदा उडवायचं कशाला? म्हणजे प्रकार तीनच: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तीनपैकी दोन. ऐकायला अगदी बिनचूक वाटतं. मुलाला सांगा, नाणं घे आणि शंभर वेळा हा खेळ खेळ, तिन्ही प्रकारांची वेगळी नोंद ठेव. प्रकार सारखे असते तर पहिला तेहतीसच्या आसपास यायला हवा. येईल पन्नाशीच्या आसपास. ‘पैकी’च्या आत जे मोजतो ते सगळे सारख्या वजनाचे हवेत, ही दुसरी अट त्याला (आणि तुम्हाला) अशी हाताने कळेल. खरं उत्तर ३/४, छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा या चौघांपैकी तीन. आणि पुढच्या वेळी तो ‘नापास कशी होतेस’ म्हणाला तर द’आलांबेरचं नाव सांगा.

बायनॉमियल आणि नॉर्मल या वितरणांची प्रकरणं नावाला मोठी आहेत, उदाहरणं मात्र ठरावीक येतात. किती वेळा करायचं हे आधीच ठरलेलं, प्रत्येक वेळी निकाल दोनच, संभाव्यता दर वेळी तीच, आणि एका वेळेचा दुसरीशी संबंध नाही. असं असेल तर बायनॉमियल. ऑडिटरचं उदाहरण त्यात बसत नाही, कारण दहाचे नऊ होतात. नॉर्मलमध्ये क्षेत्रफळांचं टेबल उघडायच्या आधी घंटेचं चित्र काढा आणि विचारलेला भाग पेन्सिलीने रंगवा. मध्य ५०, प्रमाण विचलन १०, तर ६५ पेक्षा जास्त किती? झेड, म्हणजे ६५ हा मध्यापासून किती प्रमाण विचलनं दूर, तो आला १.५. रंगवलेला तुकडा उजवीकडची बारीक शेपटी आहे, हे दिसतंय. मग उत्तर ०.९३३२ लिहायला तुमचा हात धजणार नाही. उत्तर ०.०६६८. आणि आपलं टेबल डावीकडून सगळं क्षेत्र देतं की मध्यापासून पुढचं, हे टेबलाच्या वरच्या आकृतीत बघून ठेवा. १.५ ला पहिल्यात ०.९३३२ असतं आणि दुसऱ्यात ०.४३३२. हे न बघता झालेल्या चुका मी मोजत बसले नाही.

सोडवलेलं उदाहरण वाचून कळतं आणि मिटलं की जातं, त्याचं कारण तुम्हाला स्वयंपाकघरात सापडेल. सासूबाईंना पुरणपोळी लाटताना दहा वर्षं बघितलं तरी आपली पहिली पोळी फुटतेच. पुस्तकातल्या उत्तरावर कागद ठेवा. प्रश्न वाचा, ‘पैकी’चं वाक्य लिहा, मग अंदाजाने एक आकडा लिहा: निम्म्याहून जास्त की कमी, एवढाही चालेल. मग करा. अडलात तर कागद एकच ओळ खाली सरकवा, पुन्हा झाका. रोज दोन उदाहरणं, तीन नकोत. अडीच महिन्यांत दीडशे होतात, तेवढी पुरतात. आणि आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवून डब्यातून काढा. प्रकरणाच्या खाली दिलेलं उदाहरण कुठल्या सूत्राचं, ते शीर्षकच सांगत असतं. परीक्षेत शीर्षक नसतं. तुमचं ‘कुठलं कुठे लावायचं’ हे दुखणं बरंचसं इथलं आहे.

शिकवणी लावायची तर लावा, पण तिथेही सर फळ्यावर सोडवणार आणि तुम्ही बघणार असाल तर ते पैसे ठेवीत टाका. फळ्याशी तुम्हाला उभं करणारे कुणी असतील तर जरूर जा.

आता माझं एक काम करा. दोन प्रश्न देते. पहिला: एका घरात दोन मुलं आहेत, त्यांत किमान एक मुलगी आहे, दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? दुसरा: एका घरात दोन मुलं आहेत, त्यांतलं मोठं मूल मुलगी आहे, दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? मुलगा-मुलगी होण्याची शक्यता सारखी धरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. मला आकडे नकोत. दोन्हींसाठी फक्त ‘पैकी’चं एकेक वाक्य लिहून पाठवा, आणि काही खोडलंत तर खोडलेलं दिसू द्या.